डागाला डाग देताना पडलेले डाग : पुण्यातल्या हौशी दागिने करणाऱ्यांसाठी धागा

टाकणखार | २२ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी.

गेल्या दिवाळीपासून आम्ही नऊ जण महिन्यातल्या एका रविवारी कर्वेनगरात एका ताईंच्या गच्चीवर जमतो आणि आपापल्या हातांनी दागिने करून बघतो. दोन बँकवाल्या, एक दंतवैद्य (तिची हत्यारं बघून बाकीचे जळतात), एक कॉलेजकुमार, नुकत्याच निवृत्त झालेल्या शाळेच्या बाई, आणि उरलेले "काहीतरी करत असतात" या सदरातले. क्लास नाही, फी नाही. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला दाखवायचं, चहा ताईंचा. मोती ओवून झाले, तांब्याच्या तारेची वेटोळी झाली, टेराकोटा भाजून झालं. या महिन्यात चांदीला हात घातला.

९२५ ची तार आणली आणि प्रत्येकाने एक साधी अंगठी करायची असं ठरलं. नऊ अंगठ्यांचा हिशोब असा: चार जुळल्या, तीन जुळल्यासारख्या वाटल्या आणि बोटात घालताच उघडल्या, दोन वितळून वाटाण्याएवढे गोळे झाले. त्यातला एक गोळा माझा.

अडचण अशी की सोल्डरचा (सांधा जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूचा) तुकडा सांध्यावर ठेवून ब्युटेनचा टॉर्च मारला की तो टुणकन गोल मणी होऊन बसतो, पसरतच नाही. आच वाढवली की सोल्डर तसंच आणि अंगठीच बसते. व्हिडिओत बायका एका फुंकरीत करतात हो!

शीर्षकाबद्दल: माझी आजी अंगावरच्या दागिन्याला "डाग" म्हणायची. "चार डाग केले होते, दोन मोडले" असं. सोनार सांधा जोडतो तोही डाग. आणि काम बिघडलं की पडतो तोही डागच. माझ्याकडे तिन्ही आहेत. आजीच्या बोरमाळेचा एक किस्सा आहे, तो नंतर लिहीन. आत्ता धीर नाही.

पुण्यातल्या, पुण्याबाहेरच्या सगळ्यांनी आपलं काम आणि आपल्या फजित्या इथे टाका.

मोरपीस | २२ जून, रात्री १०:४०

वाटाण्याचा फोटो टाक ना. कानातल्याला टांगता येईल, "ऑरगॅनिक डिझाइन" म्हणून खपेल. दुसरा गोळा माझा आहे, त्यामुळे जोडी होईल.

खडूस | २२ जून, रात्री ११:०५

तुळशीबागेत साठ रुपयांत अख्खा सेट मिळतो, वर बाई पिशवीही देते. नऊ सुशिक्षित माणसं रविवार घालवून दोन वाटाणे तयार करतात. पुण्यात पाऊस कमी का पडतो ते कळलं.

पेठी_सोनार | २३ जून, सकाळी ७:२०

ताई, आमचं घर तीन पिढ्या सोन्या मारुती चौकाच्या आसपास काम करतं. मी दुकान चालवत नाही, कारागिरीच करतो. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पण हे वाचून राहवलं नाही.

तुमची चूक एका वाक्यात: तुम्ही डागाला तापवताय, डाग मालाला द्यायचा असतो.

सोल्डर हा बारीक तुकडा, तो क्षणात तापतो. अंगठी अजून थंड असते. वितळलेल्या सोल्डरला थंड धातूवर पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते स्वतःभोवती गोळा होतं. ज्योत आधी अंगठीच्या पाठीवर, म्हणजे सांध्याच्या समोरच्या बाजूला फिरवायची. हात थांबवायचा नाही. सगळी अंगठी सारखी तापली की मग सांध्याकडे यायचं. तेव्हा ज्योत सोल्डरवर मारावीच लागत नाही, अंगठीच्या गरमीनेच ते विरघळतं आणि फटीत धाव घेतं. ती चकचकीत रेघ एकदा डोळ्यांनी बघितली की विसरणार नाही. दिसली की ज्योत लगेच बाजूला. "अजून एक सेकंद" करणाऱ्यांचेच वाटाणे होतात.

चांदीत हे जास्त जाणवतं, कारण सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत चांगली वाहते ती चांदीतून. एका ठिकाणी दिलेली आच ती सगळीकडे वाटून टाकते. सोन्यात एक कोपरा तापवून काम भागतं, चांदीत भागत नाही.

दुसरं, सांधा. अंगठी मिटवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर टॉर्च पेटवूच नका, परत कानस मारा. सोल्डर फट बुजवत नाही, ते फक्त एकमेकांना टेकलेल्या दोन कडांमध्ये शिरतं. बोटात घातल्यावर उघडलेल्या तीन अंगठ्या म्हणजे हेच प्रकरण असणार.

तिसरं, तुमचं नाव टाकणखार आहे, पण टाकणखार (बोरॅक्स) लावला होता का?

टाकणखार | २३ जून, सकाळी ९:०२

दादा, दंडवत! टाकणखार लावला होता हो. चमचाभर. तो पापडासारखा फुगला आणि सोल्डरचा तुकडा घेऊन खाली पडला. दुसऱ्या वेळी फुगू नये म्हणून लावलाच नाही.

पेठी_सोनार | २३ जून, दुपारी १:३५

न लावता केलंत म्हणजे तिथेच संपलं. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. तापल्यावर ते तांबं हवेतल्या प्राणवायूने काळं पडतं आणि काळ्यावर सोल्डर चढत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा पातळ थर देतो, हवा अडवतो.

फुगतो तो आतल्या पाण्यामुळे. सहाणेवर दोन थेंब पाण्यात चंदनासारखा उगाळा, ब्रशने पातळ लावा, आणि सुरुवातीला ज्योत लांबून, हळू फिरवा. आधी पांढरा होईल, फुगेल, मग बसेल. बसला की चिमट्याने तुकडा जागेवर सरकवा आणि मग खरी आच द्या. आमच्या आजोबांच्या वेळी फुंकणीने ज्योत वळवायचे, त्यांचा गालच रेग्युलेटर होता.

आणि वाटाणे टाकू नका, ती चांदी आहे. मुशीत घालून परत तार ओढता येते.

प्रयोगवही | २३ जून, रात्री ८:५०

पेठी_सोनार यांच्या म्हणण्याला थोडी आकडेवारी जोडते (रसायनशास्त्र शिकवायचे, सवय जात नाही).

शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या जवळ वितळते, तांबं १०८५ ला. पण दोन्ही मिसळली की मिश्रण दोघांपेक्षाही लवकर वितळू लागतं. ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं या प्रमाणात तर ७८० अंशांच्या आसपासच. ९२५ चांदी ८०० च्या जरा वर मऊ पडायला लागते आणि ८९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. आता बाजारातल्या "हार्ड" सोल्डरला पसरायला सुमारे पावणेआठशे अंश लागतात. म्हणजे जुळलेली अंगठी आणि वाटाणा यांच्यात जेमतेम वीस-पंचवीस अंशांचं अंतर. मोरपीस, तू एकटी नाहीस.

म्हणून नवशिक्यांनी "ईझी" सोल्डर घ्यावं, ते बरंच आधी पसरतं. त्याहून चांगलं म्हणजे आधी तांब्याच्या तारेवर सराव करावा. तांबं तुमच्या टॉर्चला सहज दाद देणार नाही आणि खिशालाही चटका नाही.

सोल्डर घेताना कॅडमियम नसलेलं मागा. हे फार महत्त्वाचं आहे. "केडीएम" हा शब्द सराफांच्या पाट्यांवर सगळ्यांनी वाचलाय, तो कॅडमियमवरूनच आलाय. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे सोल्डर वितळेपर्यंत त्याची वाफ नाकात गेलेली असते. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्हींना घातक. ग्राहकाला फारसं काही होत नाही, होतं ते फुंकणाऱ्याला.

पेठी_सोनार | २३ जून, रात्री ९:३०

हे अगदी खरं आहे. आमच्याकडे ते काम माळ्यावर बिनखिडकीच्या खोलीत चालायचं. जास्त लिहीत नाही.

गेज_बावीस | २५ जून, दुपारी ४:१०

मी तारकामवाला. चांदीच्या वाटेला जात नाही, तांबं आणि पितळच. एक गोष्ट शिकायला मला दीड वर्ष लागलं, ती फुकट देतो.

परदेशी व्हिडिओत "२० गेज घ्या" म्हणतात ते अमेरिकन गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर). आपल्याकडे दुकानात मिळतं ते एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज. नंबर तोच, तार वेगळी. अमेरिकन २० म्हणजे ०.८१ मि.मी. आणि आपली २० म्हणजे ०.९१. २४ ला ०.५१ आणि ०.५६. कागदावर फरक किरकोळ, पण कानातल्याचा हूक ०.९१ चा केलात तर भोकात जाताना डोळ्यांतून पाणी येतं. बायकोचे आले. तेव्हा नंबर विसरा, मिलिमीटरमध्ये बोला. शंभर-दोनशे रुपयांची प्लॅस्टिकची व्हर्नियर चालते.

तांब्याची तार मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूने घेतो, मोटर वाइंडिंगची, वजनावर. तिच्यावर इन्शुलेशनचं लॅकर असतं हे लक्षात ठेवा. वेटोळी करायची असतील तर वरदान, रंग बरेच दिवस टिकतो. पण डाग द्यायचा असेल तर ते आधी पॉलिश पेपरने खरवडून काढा. नुसतं जाळलं तर त्याचा धूर कॅडमियमइतका नसला तरी फुलांचा वासही नाही.

मणी, हूक, साखळ्या यांच्यासाठी रविवार पेठ, बोहरी आळी. शनिवारी जाऊ नका, गाडी तर अजिबात नेऊ नका.

कॉलेजकट्टा | २५ जून, रात्री ११:५८

मी तो कॉलेजकुमार. करवतीचं पातं सारखं तुटतंय. तासाभरात पाच गेली. पत्रा पातळच आहे. काय चुकतंय?

खडूस | २६ जून, सकाळी ६:१५

पात्याचे दात कुठल्या दिशेला लावतोस?

कॉलेजकट्टा | २६ जून, सकाळी ११:३०

दिशा असते?

खडूस | २६ जून, सकाळी ११:४१

धन्य.

टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. दात बाहेरच्या बाजूला आणि खाली, मुठीकडे. म्हणजे खाली ओढताना कापतं, वर जाताना नाही. पातं लावताना फ्रेम छातीने टेबलाला दाबून थोडी वाकवायची आणि मग स्क्रू आवळायचा, सोडल्यावर पातं ताणलं जातं. नखाने छेडलं की तंबोऱ्यासारखं वाजलं पाहिजे. थप्प वाजलं तर ते तुटणारच. मेणबत्तीवर एकदा घासून घ्यायचं. आणि मूठ आवळून धरू नये. कापायचं काम पात्याचं आहे, तुझं काम फक्त वर-खाली करायचं. वळणावर फ्रेम नाही, पत्रा फिरवायचा. वळताना जागच्या जागी वर-खाली चालू ठेवायचं. थांबून वळवलंस की कट्कन गेलं.

पातळ पत्र्याला बारीक दातांचं पातं घे. निदान दोन-तीन दात एका वेळी पत्र्यावर टेकले पाहिजेत, नाहीतर एकच दात अडकून मोडतो.

मोरपीस | २६ जून, दुपारी १२:०५

काका, तुम्ही रविवारी मोकळे असता का?

खडूस | २६ जून, दुपारी १२:२०

पाऊस कमी असला तर.

चिंचपेटी | १ जुलै, रात्री ९:४५

मी मोत्यांची. निवृत्त शाळेच्या बाई म्हणजे मीच. आगीत मला रस नाही, गौरींना दोन महिनेही उरले नाहीत आणि आमच्याकडे उभ्याच्या गौरी. या वर्षी दोघींच्या नथी, ठुशी आणि चिंचपेट्या हातानेच करायच्या असा पण केलाय.

जुन्या नथीत बसरा मोती असायचे, इराणच्या आखातातले, बसऱ्याच्या बाजारातून येत म्हणून बसरा. ते आता आपल्या आवाक्यात नाहीत, गौरीला काचमोतीही शोभतात. पण खऱ्या मोत्याची माळ ओवणार असाल तर: रेशमाचा दोरा, आणि प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ. लोकांना वाटतं गाठ शोभेची आहे. गाठ असली की दोरा तुटला तरी एकच मोती घरंगळतो, आणि मोती मोत्यावर घासत नाही. मोती फार मऊ, कॅल्शियम कार्बोनेटच तो, खडूचा श्रीमंत भाऊ. लिंबू, व्हिनेगर, अत्तर, घाम, काही सोसत नाही. म्हणून मोती सगळ्यांत शेवटी घालायचे आणि सगळ्यांत आधी काढायचे, ओलसर मऊ फडक्याने पुसून आडवे ठेवायचे. टांगून ठेवले की रेशीम लांबतं.

गाठ मोत्याला चिकटून बसत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. गाठ सैल टाकायची, तिच्यात सुई घालायची, सुईनेच ती मोत्यापर्यंत ढकलत न्यायची आणि टेकल्यावर सुई काढत दोरा ओढायचा. तीस मोत्यांनंतर हात आपोआप चालतो. पहिल्या दहा मोत्यांना रडू येतं.

पूर्वी हे काम पटवेकरी करायचे. आईची पोत गाठवायला मी लहानपणी त्यांच्याकडे जायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून ते काम करत, समोर बसून बघत राहावंसं वाटे. आता कुणी असा पटवेकरी सांगितला की शोधत जाते.

नथीसाठी प्रश्न: मोत्यातून २६ ची तार एकदा जाते, परत फिरवून दुसऱ्यांदा जात नाही. काय करू?

गेज_बावीस | १ जुलै, रात्री १०:३०

बाई, २८ घ्या. ०.३८ मि.मी. असते, दुहेरीही जाईल. मूळ कमान मात्र जाड हवी, नाहीतर गौरीच्या नाकावर नथ लोंबेल. आणि मोती कमानीला बांधताना प्रत्येक मोत्यानंतर कमानीभोवती एक पक्का वेढा द्या, नाहीतर गुच्छ फिरतो.

टाकणखार | ६ जुलै, रात्री ११:२०

बोरमाळ.

आता लिहितेच. आजीची बोरमाळ, माझ्या लग्नात आईने दिलेली. एका मण्याची शिवण उकलली होती, नखाएवढी. पेठी_सोनार दादांच्या सूचना पाठ झालेल्या, तांब्याच्या सहा अंगठ्या लागोपाठ जुळल्या होत्या, डोक्यात हवा गेलेली. म्हटलं एवढी शिवण आपणच सांधू. मणी दोऱ्यातून काढला, टाकणखार उगाळून लावला, ज्योत लांबून, हळू, सगळं शास्त्रोक्त.

दहा सेकंदांत मण्यातून चर्र आवाज आला, तपकिरी पाक बाहेर आला, वास सुटला आणि पाकाने पेट घेतला. मी फुंकर मारली, ती जास्तच पेटली. शेवटी ओल्या फडक्यात टाकला. मणी काळा, एका बाजूने बसलेला, शिवण आधीच्या तिप्पट उकललेली.

आईला सांगितलं. तिने काही म्हटलं नाही. दोन दिवस काहीच म्हटलं नाही, हेच वाईट.

पेठी_सोनार | ७ जुलै, सकाळी ७:०५

अहो ताई, ती लाख!

बोरमाळेचे, मोहनमाळेचे जुने मणी आतून पोकळ असतात. कागदासारखा पातळ सोन्याचा पत्रा, ठशात ठोकून त्याच्या दोन वाट्या करायच्या, त्या जोडायच्या, आणि भोकातून गरम लाख भरायची. लाख नसती तर तो मणी दोन बोटांत दाबला तरी चेपला असता. तुमच्या आजींनी चाळीस-पन्नास वर्षं वापरून तो गोल राहिला तो लाखेच्या जिवावर. पण लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते, आणि तुम्ही तिला सातशेवर न्यायला निघालात.

जुनी माळ मोडायला नेली की सराफ वजनात घट धरतो ती याच लाखेची. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं.

मणी टाकला नाहीत ना? सोनं कुठे जात नाही. काळेपणा वरचा आहे. लाख काढायची, पत्रा साफ करायचा, बसलेली बाजू आतून उचलायची, डाग द्यायचा, परत लाख भरायची. अलीकडे लेझरची मशीन आली आहेत, त्यात गरमी टिपक्याएवढ्या जागेतच राहते, लाख न काढता शिवण मिटते. तुमचा मणी आता त्या पलीकडे गेलाय. मला इथल्या विचारपूशीत लिहा, तिथेच निरोप देईन. घेऊन या.

मोरपीस | ७ जुलै, सकाळी ८:१०

काकूंचा "काहीच म्हटलं नाही" मला माहीत आहे. माझ्याकडून चिवड्याचा डबा घेऊन जा.

प्रयोगवही | १४ जुलै, रात्री ९:१५

रविवारच्या जमण्यानंतर दोन गोष्टी लिहून ठेवते, परत परत विचारलं जातं म्हणून.

डाग दिल्यावर माल काळा पडतो तो धुवायला सोनार पातळ केलेलं गंधकाम्ल वापरतात. घरी ते नको. गरम पाण्यात लिंबूसत्त्व घाला, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. माल आधी साध्या पाण्यात विझवा, लाल तापलेला थेट आम्लात टाकला तर शिंतोडे डोळ्यात. आणि त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. कॉलेजकट्टाने बुडवला आणि सगळ्यांच्या अंगठ्या गुलाबी झाल्या. आम्लात विरघळलेलं तांबं लोखंडाच्या संगतीने चांदीवर चढून बसतं. तांब्याचा, लाकडाचा, प्लॅस्टिकचा चिमटा चालेल. मग रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश. रिठ्याने येते ती झळाळी कुठल्या महागड्या द्रावणाने आली तर कळवा.

दुसरं, "ऑक्सिडाइज्ड". चांदीवरचा काळा थर ऑक्साइडचा नसतोच, सल्फाइडचा असतो. पावसाळ्यात कपाटातली चांदी काळवंडते तीही हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, ओलाव्याने ते काम लवकर होतं. मुद्दाम काळं करायचं असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चांदीबरोबर बंद पिशवीत ठेवा. काही तासांत रंग चढतो. उलट काळेपणा काढायचा असेल तर पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर चांदी, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. मोती-खडे असलेला माल त्यात घालू नका.

तुळशीबागेतले "ऑक्सिडाइज्ड" झुमके बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावापुरतीही चांदी नाही. कान खाजत असतील तर निकेलला विचारा.

चिंचपेटी | १४ जुलै, रात्री ९:५०

ज्या गच्चीवर आपण जमतो त्या घरात अंडं चालत नाही, आणि आता श्रावण येतोय. बलकाचा प्रयोग कोणीतरी आपल्या घरी करावा, इथे फोटो टाकावा.

कॉलेजकट्टा | १५ जुलै, रात्री १२:३०

हॉस्टेलवर केला. चांदी झकास काळी झाली. रूममेट खोली सोडून गेला.

गेज_बावीस | २० जुलै, सायंकाळी ६:००

एक कडू विषय. मी इथे टाकलेली तांब्याची पानं एका सदस्येने हुबेहूब करून सोसायटीच्या प्रदर्शनात विकली. नाव घेत नाही, तिने फोन करून सांगितलंय. माझं म्हणणं एवढंच: तंत्र सगळ्यांचं, त्यावर माझा हक्क नाही, वेटोळं काही मी शोधलेलं नाही. पण नमुना उचलायचा तर आधी विचारा, मी बहुतेक हो म्हणेन.

मोरपीस | २० जुलै, सायंकाळी ६:४०

तो फोन माझा होता. लपवायचं काय. परत नाही होणार.

मात्र त्या प्रदर्शनात एक कळलं. सामान १४० रुपयांचं, वेळ तीन तास, किंमत लावली ४५०, आणि एका बाई म्हणाल्या, "खाली साठला आहे." मी गप्प बसले. काय उत्तर द्यायचं असतं?

खडूस | २० जुलै, रात्री ७:१५

"मग खालूनच घ्या." एवढंच. मी तुम्हाला इथे साठवरूनच हिणवलं होतं, तेव्हा हे उत्तर कोणी दिलं नाहीत याचं मला वाईट वाटलं.

परवा कसब्यात तांबट आळीत गेलो होतो. तिथे अजून हाताने मठारतात. हातोडीचे ते गोल ठसे नुसती नक्षी नाही, ठोकून ठोकून तांबं कडक होतं, पातळ पत्र्याचं भांडंही चेपत नाही. गेज_बावीसच्या पानांना हे करून बघितलं पाहिजे. पानं मऊ राहतात, केसांत अडकली की वाकतात. मी छोटी ऐरण आणि गोल तोंडाची हातोडी आणतो. पानं शेवटचा आकार दिल्यावर ठोकायची. आधी ठोकलीत तर परत तापवून मऊ करत बसावं लागेल.

टाकणखार | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

मणी झाला.

दादांकडे तीन वेळा गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मण्याला हातही लावला नाही, माझ्याकडून तांब्याच्या दोन वाट्या जोडून घेतल्या. सातव्या जोडीला मान डोलावली. मला वाटलं आता सोनं देतील. नाही दिलं. सोन्याचा डाग त्यांनीच दिला, मी फक्त बघितलं, आणि खरं सांगते, तसंच बरं होतं. ज्योत किती कमी वापरतात! मी वीस सेकंद घेते तिथे ते चार घेतात, पण त्याआधी सांधा बसवायला अर्धा तास.

लाख भरायचं काम मात्र माझ्याकडे दिलं. गरम केलेली लाख बारीक वळून भोकातून आत सारायची, मणी कोमट ठेवायचा, सगळीकडे भरली का ते नखाने टकटक करून ऐकायचं. पोकळ जागी आवाज वेगळा येतो. एकदा कमी पडली, एकदा ओसंडली, तिसऱ्यांदा बसली. भोक परत मोकळं करायला तापवलेली सुई.

माळ चिंचपेटीबाईंनी गाठवून दिली. तो मणी बाकीच्यांपेक्षा किंचित तांबूस दिसतो, डागाचं सोनं वेगळ्या कसाचं. आईने माळ हातात घेतली, एकेक मणी जपासारखा सरकवला आणि त्याच मण्यावर थांबली. म्हणाली, "हा तू भरलास?" मी हो म्हटलं. "हलका वाटतोय," म्हणाली, आणि गळ्यात घातली.

दादा, खरंच हलका असेल का?

पेठी_सोनार | ५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

असेल गुंजभर. जुनी लाख जास्त ठासून भरलेली होती. आईंचा हात बरोबर आहे.

चिंचपेटी | ५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

एका गौरीची नथ झाली, दुसरीची अर्धी. रविवारी मला एक माणूस हवा, कमान धरायला. डोळे चांगले असलेला. दंतवैद्यीणबाईंना आधीच सांगून ठेवते.

खडूस | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१२

रविवारी येतोय, ऐरण घेऊन. गच्चीवर छप्पर आहे ना, की छत्रीत ठोकायचं?

मागच्या वेळी करवतीची बारा पाती आणली होती, डबीत तीन उरली आहेत. कोणी तोडली मला माहीत आहे. या वेळी ज्याने त्याने आपापली आणावीत.